कानात सांगितलेली खोड

महिपतीच्या हिलमन गाडीनं मोहोळच्या अलीकडं प्राण सोडला तेव्हा आत नवरदेवाच्या दोन आत्या, एक करवली आणि बुंदीची टोपली होती. इंजिनाला पाणी पुरवणारा रबरी पाइप फुटला होता. महिपती म्हणत होता, जरा थांबू, गार होऊ द्या. आत्या म्हणत होत्या, मुहूर्त टळला तर तू आणून देणार का? वऱ्हाडातल्या आत्यांपुढं देवाचं चालत नाही, तिथं ड्रायव्हरचं काय चालणार! त्यानं गाडी तशीच हाकली. थोडं पुढं गेल्यावर बॉनेटखालून असा दणका आला की बुंदी सगळ्यांच्या अंगावर सांडली. इंजिनातला एक दांडा लोखंड फोडून बाहेर आला होता.

बैल जुंपून गाडी सोलापुरात आणली. नरसय्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडावर चादर ओढावी तसं ते पुन्हा लावलं.

"ह्यात आता काय राहिलं न्हाई," तो म्हणाला. "दुसरं इंजिनच पाहिजे. अख्खं."

ती गाडी मूळची एका गिरणीच्या गोऱ्या मॅनेजरसाहेबाची. राखी रंगाची, गुबगुबीत, विलायतेत घडलेली. महिपती साहेबाचा ड्रायव्हर. गिरणीचे दिवस फिरले, साहेब आपल्या देशाला निघाला आणि जाताना जुनी गाडी महिपतीच्या पदरात टाकून गेला. लोक हसले. हत्ती फुकट मिळाला म्हणून काय झालं, त्याला चारा कोण घालणार? पण महिपतीनं हत्तीलाच कामाला लावलं. नवरानवरीला मिरवायचं, वऱ्हाड देवाला न्यायचं, अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवायचं. होता होता असं झालं, की ज्या लग्नापुढं ही हिलमन नाही त्या लग्नात नवरदेवाचा बाप चिकट ठरायला लागला.

आता लगीनसराई तोंडावर आली होती आणि गाडी मरून पडली होती. गाडी नाही म्हणजे पोटाला नाही, हे झालंच. पण पोटाचं महिपतीला एवढं भय नव्हतं. भय होतं ते मोडनिंबजवळच्या वस्तीचं.

त्या वस्तीवर त्याचा मामा धोंडीराम राहायचा. महिपती रांगत होता तेव्हाच त्याचे आईबाप गेले. मामानं त्याला खांद्यावर घेऊन वाढवलं, आणि वाढवून झाल्यावर आपली मुलगी विजयमाला त्यालाच दिली. म्हणजे मामाही तोच आणि सासराही तोच. एकाचं गाऱ्हाणं सांगायला दुसऱ्याकडं जायची सोय नाही. मामाला मुलगा नव्हता. विहीर होती, रान होतं, बैल होते, मेंढरं होती, आणि हे सगळं महिपतीनं येऊन सांभाळावं असा त्याचा हेका होता. दर सणाला विषय निघायचा. "किती दिस लोकांची लग्नं वाहणार? घरी ये." महिपती दर सणाला हसून वेळ मारून न्यायचा. मामावर त्याचा जीव होता. पण वस्तीवर तो जन्मभर धोंडीरामचा भाचा आणि धोंडीरामचा जावई म्हणूनच राहिला असता. सोलापुरात तो महिपती होता. तेवढं एकच त्यानं स्वतःच्या हातानं मिळवलं होतं, आणि ते राखायचं तर इंजिन पाहिजे होतं.

हिलमनचं इंजिन म्हणजे काही मंडईतली मेथी नव्हे. विलायतेहून गाड्या येणं बंद होऊन जमाना झाला होता. पुण्याला निरोप गेले, मुंबईला गेले, आणि शेवटी काखेत कळसा निघाला. सोलापुरातच, होटगी रोडला, मडिवाळप्पा मोडीवाल्याच्या आवारात एक हिलमन पडून होती. गुलबर्ग्याकडच्या कुणीतरी ती झाडावर नेऊन घातली होती. तोंडाचा चेंदामेंदा झाला होता, पण इंजिन धड दिसत होतं.

मडिवाळप्पा मूळचा अक्कलकोटकडचा, बैलांचा हेडी. गावोगावचे बाजार करायचा, बैल घ्यायचा, बैल विकायचा. मागच्या दुष्काळात विकायला बैलच उरले नाहीत तेव्हा त्यानं मोडक्या मोटारी धरल्या. घरात कानडी, धंद्यात मराठी. आणि त्याच्या मराठीत 'तो' आणि 'ती' यांचं कधी पटलं नाही.

"सुरू करून बघता येतं," नरसय्या महिपतीला म्हणाला. "आवाज ऐकता येतो. पण आत चीर असंल आन वरनं रंग मारला असंल, तर खोललं तरी पटकन दिसत न्हाई. ते एक इकणाऱ्याला ठाऊक, न्हाई तर देवाला."

देव काही होटगी रोडला येणार नव्हता. पण विकणाऱ्याच्या तोंडावरून खरंखोटं वाचणारा माणूस महिपतीच्या घरातच होता.

"बाबांना न्या की," विजयमाला म्हणाली. "त्येंनी नुसतं बघितलं तरी माणूस खरं बोलतंय."

हे लेकीचं कौतुक नव्हतं. मोडनिंबच्या बैलबाजारात धोंडीरामच्या डोळ्याला मान होता. तो हेडी नव्हता, दलालीला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं. पण आसपासच्या गावचा माणूस बैल घ्यायला निघाला की आधी त्याला सांगावा धाडायचा. धोंडीराम बैल थोडा बघायचा, बैलाचा धनी जास्त. "जनावर लबाडी करत न्हाय, धनी करतो," असं त्याचं म्हणणं. त्यानं 'घे' म्हटलेल्या बैलानं कुणाला रडवलं नव्हतं. आता बैल पारखणाऱ्याला मोटारीचं इंजिन दाखवायला न्यायचं हे शहरातल्या शहाण्याला हसू येण्यासारखं आहे. पण महिपतीचा हिशेब सरळ होता. विकणारा बैलबाजारातला, मग त्याला वाचायला माणूसही बैलबाजारातलाच पाहिजे.

मामा सकाळच्या एसटीनं आला. धुतलेला पटका, खांद्यावर घोंगडं. मडिवाळप्पाच्या आवारात विटांवर ठेवलेलं इंजिन त्यानं पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा त्याच्यावर हात ठेवला. नरसय्याला हसू आवरेना.

"पाणी किती पितं ह्ये?" मामानं विचारलं.

"कळशीभर."

"आन खातं काय?"

"पेट्रोल."

"मंग बैल परवडला की लेका!"

सगळे हसले. नरसय्यानं बॅटरी जोडली, पाणी ओतलं, आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. आवाज एकसारखा, कुठं खोकला नाही. मेलेली गाडी पुन्हा बोलायला लागली असं वाटून महिपतीच्या डोळ्यांत पाणी आलं. नरसय्यानं मान डोलावली, "आवाज झकास हाय, म्होरलं तुमी बघा," म्हणाला, आणि गॅरेजवर गिऱ्हाईक थांबलंय म्हणून सायकलवर टांग टाकून गेला.

"महिपती," मामा म्हणाला, "च्या सांग जा. साखर जादा."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात गर्दी होती. महिपती कपबश्या घेऊन परतला तेव्हा मामा आणि मडिवाळप्पा निंबाखाली बसले होते, आणि त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते झालं होतं. मडिवाळप्पा उठून उगाच इंजिनावरची धूळ पुसायला लागला.

"मामा, माणूस कसा वाटला?" महिपतीनं हळूच विचारलं.

"माणूस खरा हाय."

"आन इंजिन?"

मामानं चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला, बशी खाली ठेवली.

"घे."

"डोळं झाकून घिऊ?"

"घे म्हणलं न्हवं?"

महिपतीनं घेतलं. मडिवाळप्पानं फारशी घासाघीस केली नाही, उलट आपणहून किंमत उतरवली. मामाचं वजनच तसं आहे, असं महिपतीला वाटलं. संध्याकाळी विजयमालानं बापासाठी मटण केलं होतं. मामानं दोन घास खाल्ले आणि ऊन लागलंय म्हणून हात धुतला. मुक्कामाला राहा म्हटलं तर राहिला नाही. मिळेल त्या एसटीनं माघारी गेला.

इंजिन बसलं, आणि गाडी पुन्हा सोलापुरात फिरायला लागली. दोन-तीन वराती झाल्या. वरातीत गाडीला करायचं काय असतं? बँडच्या मागं मुंगीच्या पावलानं चालायचं आणि फुलांच्या माळा सांभाळायच्या. मोडनिंबच्या बाजारात तर मामाचं नाव आणखीच मोठं झालं. धोंडीरामनं मोटारीचं इंजिनसुद्धा पारखलं म्हणे, असं लोक एकमेकांना सांगायला लागले.

मग एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी नवी जोडी तुळजापूरला, भवानीच्या पायाशी न्यायची होती. मागं व्यापाऱ्याचं सगळं गोत एका भाड्याच्या बसमध्ये, पुढं फुलांनी मढवलेली हिलमन. तुळजापूरच्या घाटाला गाडी लागली आणि महिपतीला वास आला. करपलेल्या तेलाचा. पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली, इंजिन कण्हलं आणि थांबलं. ब्रेक दाबून त्यानं आधी गाडी डोंगराच्या अंगाला लावली, उतरून चाकांना दगड घातले, नवरीला म्हणाला, "भिऊ नका, ताई." मग तेल मोजायची कांडी ओढून बघितली. काळ्या तेलाच्या जागी ताक होतं. पाणी तेलात उतरलं होतं.

नवरानवरी कोबीच्या ट्रकमधून देवीला गेली. नवरी ड्रायव्हरशेजारी, नवरदेव मुंडावळ्यांसकट मागं कोबीवर. बसमधली पोरं खिदळत होती, आणि त्यामुळंच व्यापारी जास्त पेटला. सगळ्या गोतासमोर त्यानं महिपतीच्या डोक्यावरची टोपी उडवली. "माझा मुलगा कोबीवर बसवलास!" ती टोपी वाऱ्यानं घाटाखाली गेली. चूक महिपतीची नव्हती, पण गाडी त्याची होती.

आठवडा उलटायच्या आत कोबीची गोष्ट घरोघर पोचली. ज्यांनी गाडी सांगून ठेवली होती ते एकेक करून येऊन नको म्हणून गेले. नरसय्यानं इंजिन उतरवलं, बाजूचा रंग खरवडला, आणि महिपतीला बोट लावून दाखवलं. लोखंडावर एक जुनी, जाड शिवण होती.

"आधीची चीर. कुणीतरी सांधलीया," नरसय्या म्हणाला. "आन ठाऊक असल्याबिगर वरनं रंग कुणी मारत न्हाई."

घरी विजयमाला रडली. गाडीसाठी कमी, बापासाठी जास्त. "बाबांचा डोळा पयल्यांदा चुकला. त्येंना कळू देऊ नका, अवं. जिवाला लावून घेत्याल."

महिपतीच्याही मनात तेच होतं. खरं सांगायचं तर त्याला स्वतःच्या टोपीपेक्षा मामाच्या नावाचा राग जास्त आला होता. ज्या माणसाला उभ्या हयातीत बाजारात कुणी फसवलं नाही, त्याला एका मोडीवाल्यानं फसवावं! तो तसाच होटगी रोडला गेला आणि मडिवाळप्पाचा सदरा त्यानं गळ्याशी धरला.

"माज्या मामाला फसवलंस तू! म्हातारा माणूस, तुज्यावर इस्वास टाकला त्येनं!"

मडिवाळप्पानं सदरा सोडवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं.

"कुणाला फसवला? मी खोड सांगितला की."

"कुणाला सांगितली?"

"तुमच्या मामालाच. कानात. तुम्ही चहा आणायला गेला तवा."

महिपतीच्या हातातली पकड ढिली झाली. बैलबाजाराची ती रीत त्याला लहानपणापासून ठाऊक होती. जनावराची खोड चारचौघांत बोलायची नाही, त्यानं जनावराची किंमत जाते. विकणाऱ्यानं ती घेणाऱ्याच्या वडीलधाऱ्याच्या कानात सांगायची, बैल मारका असेल, बसका असेल, उन्हाला दमत असेल. पुढं ती आपल्या माणसाला सांगायची जबाबदारी वडीलधाऱ्याची. कानात सांगितली की विकणारा सुटला. मग जनावर माघारी घेऊन कुणी यायचं नाही.

"काय सांगितलं?" त्यानं विचारलं.

"चीर आहे म्हणून सांगितला. सांधलेला आहे, गावात चालतो, घाट चढवू नका. गरम झाला की पाणी तेलात जातो. म्हणून तर किंमत कमी केला मी. त्येनी म्हणाले, पोराला मी सांगतो."

"खोटं हाय ह्ये."

"सिद्धेश्वराची आण." मडिवाळप्पानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "येता का? आत्ता मोडनिंबला जाऊ. त्यांच्या तोंडावर सांगतो."

खोटं बोलणारा माणूस एसटीत बसायला असा तयार होत नाही. महिपतीनं त्याला बरोबर नेलं नाही. नेण्याची गरजच उरली नव्हती. निंबाखालचा मामा त्याच्या डोळ्यांपुढं आला. जमिनीकडं बघत बसलेला, चहा फुंकणारा. माणूस कसा वाटला विचारलं तर 'खरा' म्हणाला होता. तिथं तो खोटं बोललाच नव्हता. इंजिनाचं विचारलं तेव्हा नुसतं 'घे' म्हणाला होता.

चोरानं लुटलं तर माणूस शिव्या देतो आणि मोकळा होतो. पण ज्या हातानं भरवलं त्याच हातानं घशात बोट घातलं तर शिवी कुणाला द्यायची? महिपतीला रडायला येत नव्हतं, ओरडायला येत नव्हतं. त्याला लाज वाटत होती, आणि ती कुणाची वाटतेय हेच कळत नव्हतं.

घरी न सांगता तो मोडनिंबला गेला. बाजाराचा दिवस होता. खिलार बैलांच्या रांगा, शिंगांना हिंगूळ, धुरळा, हेड्यांची आरडाओरड. मामा एका चहाच्या पालाशी उभा होता. भाच्याला बघून त्याचं तोंड फुललं.

"आलास? मला ठाऊक हुतं. इजू कुटं हाय?"

"मी एकलाच आलोय. मडिवाळप्पा भेटला हुता, मामा."

मामाचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं पटका काढला, झटकला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "सांगितलं हुतं त्येनं मला."

महिपतीला वाटलं होतं, मामा नाही म्हणेल. आणि मामानं नाही म्हटलं असतं, तर महिपतीनं तेही मानलं असतं. सिद्धेश्वराची आण, तेलातलं ताक, लोखंडावरची शिवण, सगळं बाजूला सारून मानलं असतं. मामानं तेवढीही वाट ठेवली नाही.

"का केलंत असं?"

"का म्हंजी? तुला ठाऊक न्हाय व्हय? मला ल्योक न्हाय. रानात पाय टाकतो तर गुडघं बोलत्यात. तुला सांगून सांगून दमलो, तू निस्ता दात काढायचास. म्हणलं, गाडी बसली म्हंजी येशील. काय तुजं घर जाळलं का म्या? नासकं इंजान घिऊ दिलं, एवढंच की."

"गाडीत नवरानवरी हुती, मामा. घाट हुता. मागं गेली असती म्हंजी?"

"तू संबाळून चालवतोस. मला ठाऊक हाय."

म्हणजे त्याचाही विचार करून झाला होता! निंबाखाली बसून, महिपती चहा आणेपर्यंत, मामा घाटसुद्धा मनात चढून उतरला होता.

"त्येंनी माजी टोपी उडवली, मामा. सगळ्यांम्होरं."

"टोपी काय, दुसरी घिऊ."

"इजूला ठाऊक हाय ह्ये?"

"तिला कशाला सांगू? रडत बसली असती." मामानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "झालं ते झालं. चार दिस राग धर, मंग या दोगंबी. तुज्यासाठनंच हाय समदं. मी काय वर घिऊन जानार हाय?"

त्या हातात माया होती, हेच महिपतीला सोसेना. मामाला पश्चात्ताप नव्हता. मामाच्या लेखी त्यानं उधळलेलं वासरू दावणीला आणलं होतं, आणि वासराला काय वाटतं हे कुणी विचारत नसतं.

तेवढ्यात हाक आली. "धोंडीरामअण्णा! अवं अण्णा, हिकडं या की!"

जेऊरकडची मथुराबाई होती. नवरा गेल्यापासून रान स्वतः कसायची. तिच्या जोडीतला एक बैल मेला होता, पेरणी जवळ आली होती, आणि तिनं निवडलेला बैल घेऊन टेंभुर्णीचा एक हेडी उभा होता. मामा गेला. महिपतीही मागं गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. चारदोन माणसं गोळा झाली. हेडी मामाच्या कानाशी लागला. मामानं त्याच्या तोंडाकडं बघितलं, नेहमीसारखं, पापणी न हलवता. मग बैल चालवला, बसवला, उठवला, खांदा दाबला.

"घे, बाई," मामा म्हणाला. "खोड न्हाय."

मथुराबाईनं कनवटीची गाठ सोडायला घेतली. समाधानानं तिचं तोंड उजळलं होतं. अशा वेळी माणसाला दोन शब्द जास्त बोलावेसे वाटतात. तिनं महिपतीकडं बघितलं.

"ह्ये तुमचं भाचं नव्हं, अण्णा? सोलापूरचं मोटारवालं? त्येंचं इंजान तुमीच घिऊन दिलं म्हनं." ती हसली. "मंग काय वो भाऊ? चालतंय न्हवं झकास?"

भोवतीची माणसंही हसून महिपतीकडं बघायला लागली. 'चालतंय की' म्हणायचं आणि विषय संपवायचा, एवढंच काम होतं. मामाचे डोळे तेच सांगत होते.

"बसलं," महिपती म्हणाला. "तुळजापूरच्या घाटात. खोड हुती त्येला. इकणाऱ्यानं मामाच्या कानात सांगितली हुती. मामानं मला सांगितली न्हाय."

हेड्यानं कासरा आखडून धरला. कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मधेच थांबलं. मथुराबाईचा हात कनवटीवर तसाच राहिला.

"व्हय, अण्णा?"

मामाला नाही म्हणता आलं असतं. बाजारानं त्याचंच मानलं असतं, भाच्याचं नव्हे. पण तो तसा माणूस नव्हता. आणि हेच सगळ्यात वाईट होतं.

"व्हय," तो म्हणाला. "ते आमच्या घरातलं हुतं. पर ह्यो बैल खरा हाय, बाई. ह्येला खोड न्हाय. आजवर बाजारात मी..." लोकांच्या तोंडाकडं बघून खरंखोटं ओळखणारा तो माणूस, आणि आता सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते.

मथुराबाईनं पुन्हा महिपतीकडं बघितलं. यावेळी ती हसत नव्हती, विचारत होती. तिला बैल पाहिजे होता. दुसरा बाजार म्हणजे आणखी आठवडा, आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही. महिपतीनं मामाचं तोंड पाळण्यातून बघितलं होतं. ते कधी काय लपवतं आणि कधी उघडं असतं हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. फक्त निंबाखाली त्यानं ते बघायचं टाळलं होतं. आता ते उघडं होतं. मामा खरं बोलत होता. 'घ्या' एवढा एक शब्द महिपतीनं उच्चारला असता तरी पुरे होतं.

तो गप्प राहिला.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा," मथुराबाई म्हणाली. "म्होरल्या बाजारी बघू." तिनं गाठ पुन्हा बांधली आणि ती गर्दीत गेली. हेडी शिव्या देत बैल घेऊन निघाला. बाकीची माणसं पांगली. एरवी मामाला चहासाठी ओढून नेणाऱ्यांपैकी एकही थांबला नाही.

मामानं महिपतीकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. माणसाच्या तोंडावरून आतलं ओळखायची त्याची विद्या अजून शाबूत होती.

"तुला कळलं हुतं," तो हळू म्हणाला. "मी खरं बोलत हुतो ते तुला कळलं हुतं."

महिपतीनं मान खाली घातली आणि तो एसटीच्या थांब्याकडं चालायला लागला. विजयमालाला जाऊन सगळं सांगायचं होतं. इंजिनाचं सांगता आलं असतं. बैलाचं कसं सांगायचं, ते त्याला कळेना.